ओट्याची उंची

गल्लीत तिला सगळे शिवणकाकू म्हणत आणि तिच्या नवऱ्याला मिस्त्री. दोघांची खरी नावं फक्त टपालवाल्याला ठाऊक होती, आणि तोही कधीकधी विसरत असे.

तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दहा बाय आठ. खिडकीखाली शिलाई मशीन, मशीनसमोर खिडकी, आणि खिडकीसमोर तीन फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरून सांडपाण्याचा एक पाइप खाली आला होता. एकेचाळीस वर्षं तिने मशीनवरून मान वर केली की तिला तो पाइप दिसे. तो दोनदा बदलला गेला होता, एकदा गळायला लागला होता, आणि त्याच्या सांध्यात एकदा चिमणीने घरटं केलं होतं. भिंतीच्या त्या पट्ट्याचा सगळा इतिहास तिला तोंडपाठ होता.

शिवण तिने मावशीकडून शिकून घेतलं. मावशीने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावली होती, "माणसाला त्याचं वाढलेलं माप तोंडावर सांगू नये. आरसा आहेच की त्या कामाला." तो धडा तिने कधी सोडला नाही. गिऱ्हाईक जुना कपडा पुढे टाकी आणि म्हणे, "काकू, अगदी याच मापाचा शिवा. नव्याने माप घ्यायला नको." ती "हो हो" म्हणे, आणि मुलंबाळं कशी आहेत विचारता विचारता, "खांदा तेवढा बघते हं," म्हणत टेप कमरेभोवती फिरवून घेई. कंबर दोन इंच वाढलेली असे. ती काही बोलत नसे, कपडा दोन इंच मोठा बेतत असे. गिऱ्हाईक घालून बघे आणि खूश होऊन म्हणे, "बघा, अजून तेच माप!" त्यावर ती फक्त मान डोलवी. कधी कुणी फारच खोलात शिरलं तर, "कापडच आटतं हो हल्ली," एवढं म्हणून विषय मिटवी.

मिस्त्रींची तऱ्हा याच्या अगदी उलटी. अडतीस वर्षं ते बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात होते. कारखान्यात गाडी यायची ती नुसता सांगाडा म्हणून. चार चाकं, इंजिन, आणि चालकाला बसायला एक फळकूट. त्यावर खांब, छत, पत्रे, खिडक्या, दारं चढवून मिस्त्री तिची बस करायचे. दोन पत्र्यांच्या मध्ये फट राहिली की बाकीचे कारागीर वरून एक पट्टी मारून मोकळे होत. मिस्त्रींना पट्टीचा तिटकारा होता. "पट्टी मारली म्हणजे चूक झाकली," ते म्हणत, "आणि झाकलेली चूक आतून कुजते." एकदा अर्ध्या इंचासाठी त्यांनी बसवलेलं अख्खं छत उतरवलं होतं. मालकाने आकाशपाताळ एक केलं. मिस्त्रींनी शांतपणे खिशातली वही काढली आणि पुन्हा माप लिहायला सुरुवात केली. लग्नाच्या वर्षापासूनच्या सगळ्या वह्या त्यांच्यापाशी होत्या.

शेवटच्या तीन वर्षांत कारखान्यात पत्रे कापायचं मोठं यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर एक तरुण इंजिनिअर. पोरगा सज्जन होता. "मिस्त्री, मापाची काळजी आता तुम्ही करू नका, ते सगळं कॉम्प्युटर बघतो," असं अगदी गोड आवाजात सांगून त्याने मिस्त्रींना नट-बोल्टच्या खोलीत बसवलं. मागेल त्याला मोजून द्यायचे, एवढंच काम. मिस्त्री घरी येऊन एक अक्षर बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते मान खाली घालून जेवू लागले. दोन महिन्यांत त्यांचा शर्ट गळ्याशी ढिला दिसायला लागला. तिने सगळ्या शर्टांच्या कॉलरी उसवून अर्धा अर्धा इंच आत घेतल्या. त्यांना सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी मोडीत निघालेली एक छोटी शाळेची बस आणली. इंजिन धडधाकट होतं, बाकी सगळा खुळखुळा. घरामागच्या मोकळ्या जागेत ती उभी करून ते कामाला लागले. तिचं मोटारघर करायचं, आणि त्यातून समुद्राच्या कडेकडेने जमीन संपेपर्यंत जायचं.

हे जाणं चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं. लग्नानंतर आठवड्याभरात दोघं एकदाच समुद्र बघायला गेली होती. दुपारी पोचली, पाचची परतीची बस होती. दोन तास मिळाले. तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्याच्याबद्दल काही न बोलता किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुठे जातो हो?" मिस्त्री म्हणाले, "असाच कडेकडेने. जमीन संपेपर्यंत." मग जरा थांबून, "जाऊ एकदा." त्यानंतर लेक झाली, सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळल्या, आणि लग्नसराईचे कपडे तर दर वर्षी असतच. दर वर्षी मिस्त्री म्हणत, "जाऊ." तीही म्हणे, "जाऊ की."

मोटारघराला चार वर्षं लागली. गल्लीतल्या लोकांना फुकटचा तमाशा मिळाला. "मिस्त्री, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच का?" समोरचा न्हावी रोज विचारी. "पण विंचू सत्तरीचा झाला की हो!"

"नांगी शाबूत आहे," मिस्त्री पत्रा ठोकता ठोकता म्हणत. "जवळ येऊन बघ."

त्यांची मान पुन्हा वर आली होती. तिच्या दृष्टीने मोटारघराचं काम तेवढ्यावरच फिटलं होतं.

एका सकाळी त्यांनी तिला बोलावलं. आत पलंग, घडीचं टेबल, छोटी मोरी, खिडकीशी तिची खुर्ची, आणि ओटा. सगळ्या गाडीत एकही पट्टी नव्हती. लाकूड लाकडाला असं भिडलं होतं की मधून नखही जाऊ नये.

"ओट्याशी उभी राहा," मिस्त्री म्हणाले. "कोपरापासून चार बोटं खाली. तुझं माप मला वही न उघडता पाठ आहे, तरी उघडून बघितलं. लग्नाच्या वर्षीच्या वहीत आहे."

ती उभी राहिली. हात ओट्यावर ठेवले आणि तिचे खांदे वर उचलले गेले. ओटा कोपराच्या खाली नव्हता, कोपराला लागत होता. वरच्या फळीची कड तर बोटांच्या टोकांनाही लागेना. घरी हे कधी कळलंच नव्हतं. आठ वर्षांपूर्वी घरात जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली तेव्हा जमीन दोन इंच वर आली होती. आपला ओटा त्या मानाने खाली गेला म्हणून मिस्त्री हळहळले होते, आणि ती म्हणाली होती, "राहू द्या, उलट बरं वाटतं." का बरं वाटतं ते तेव्हा तिलाही उमगलं नव्हतं.

"कसं आहे?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखा झाला होता.

"अगदी मापात," ती म्हणाली. एकेचाळीस वर्षांची सवय बोलली.

दुपारी ते झोपल्यावर तिने दाराच्या चौकटीला पाठ लावून स्वतःची उंची मोजली. पाच फूट दीड इंच होती ती चार फूट सव्वाअकरा झाली होती. दोन वर्षांपासून पाठ दुखत होती, त्याचा दोष तिने मशीनला दिला होता. आता तिला सगळं कळलं, आणि हेही कळलं की सांगायचं नाही. सांगितलं तर मिस्त्री सगळा ओटा, फळ्या, कपाटं उखडणार. अर्ध्या इंचासाठी छत उतरवणारा माणूस, सव्वादोन इंच त्याच्या घशाखाली उतरणार नाहीत. आणखी दीड वर्ष जाईल. दीड वर्षाने आपण कुठे असू, किती उरलेल्या असू? आणि एवढ्या उमेदीने वर आलेली ती मान?

वर लेकीची अट होतीच. लेक शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरीही. "आई, पहिली कुरबुर कानावर आली की मी येऊन दोघांना उचलून नेणार," तिने बजावलं होतं, "आणि ती गाडी भंगारात घालणार. बाबांना सांगून ठेव."

निघाल्यानंतरचे पहिले दिवस तिला पुढे कधीही आठवले तरी सुखाचेच आठवले. समुद्र तिच्या खिडकीला होता. सकाळी करडा, दहा वाजता हिरवट, दुपारी डोळे दिपवणारा. मिठागरांचे चौकोन, वाळत घातलेली जाळी, एका दीपगृहाला चाललेलं पांढऱ्या रंगाचं काम, उलट्या घातलेल्या होड्या आणि त्यांच्या सावलीत झोपलेली कुत्री. ती मोठ्याने काही म्हणत नसे. मिस्त्री अधूनमधून विचारत, "दिसतंय ना?" ती म्हणे, "दिसतंय." दोघांना तेवढं पुरत होतं.

ओट्याचं तिने पहिल्याच बाजारात जमवलं. फळवाल्याकडून चार बोटं उंचीची एक चपटी लाकडी पेटी मागून घेतली आणि तीत बटाटे भरून टेबलाखाली ठेवली. संध्याकाळी गाडी थांबली की मिस्त्री हातोडी घेऊन खाली उतरत, चारी टायर ठोकून बघत, मग गाडीभोवती एक फेरी मारत. तेवढ्या वेळात ती बटाटे पलंगावर ओतून पेटी पालथी घाली, तिच्यावर उभी राहून स्वयंपाक उरके, आणि त्यांचं पाऊल पायरीवर वाजायच्या आत बटाटे पुन्हा पेटीत भरी.

"एवढे बटाटे कशाला?" मिस्त्री म्हणाले. "पलटण जेवायला येणार आहे का?"

"स्वस्त मिळाले."

"आणि रोज मी आलो की तू बटाट्यांशीच असतेस. निवडतेस काय त्यांना, गहू असल्यासारखी?"

"कोंब येतात हो. बघावं लागतं," ती म्हणाली आणि हसली. पाठीत कळ उठली होती ती हसण्याखाली दडली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडी एका उतारावर उभी होती. पेटी एका अंगाला घसरली आणि ती धपकन जमिनीवर बसली. पडणं असं ते फार नव्हतंच, चार बोटांवरून काय पडायचं? पण तिला उठता येईना आणि ओरडताही येईना. मिस्त्री आत आले तेव्हा पलंगभर बटाटे होते, पेटी पालथी होती, आणि ती भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून बसली होती.

जवळच्या गावात छोटं इस्पितळ होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्या लेकीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी फोटो काढला, तो उजेडाच्या चौकटीवर लावला आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. पाठीचे तीन मणके खचले होते. दोन जुने, एक ताजा.

"तरुणपणी उंची किती होती यांची?"

"पाच फूट दीड इंच," मिस्त्री तात्काळ म्हणाले. "आहे."

डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे बघितलं. नर्सने तिला हळूच उंचीच्या काठीशी उभं केलं. "चार फूट सव्वाअकरा."

"तुमची काठी चुकते आहे," मिस्त्री म्हणाले.

"काठी नवीन आहे आजोबा."

"नवीन असली म्हणून काय झालं? जमीन बघा, सपाट आहे का ती." ते खरंच खाली बसले आणि काठीच्या पायाखाली बोट घालून बघू लागले. फरशी आरशासारखी सपाट होती. मग उठताना त्यांनी काठीचाच आधार घेतला.

"घरी नेलं तर बरं होईल?" त्यांनी विचारलं.

"घरी गेल्या म्हणून मणके वर येणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठेही राहिल्या तरी जपूनच राहायचं. वजन उचलायचं नाही, कशावर चढायचं नाही, खड्ड्यांतून लांबचा प्रवास नाही. गोळ्या आहेत, पट्टा आहे. आणि आणखी खचणार नाहीत, असं मी लिहून देणार नाही."

आठ दिवस मोटारघर इस्पितळाच्या आवारात उभं राहिलं. मिस्त्री स्वयंपाक करत. बटाटे एका अंगाने करपलेले, दुसऱ्या अंगाने कच्चे. ती निमूटपणे खाई. त्यांच्यात गोळ्यांच्या वेळांपलीकडे बोलणं होत नव्हतं. एकदा डोळे मिटून पडलेली असताना तिने किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्री ती पेटी ओट्यापुढे ठेवून तिची उंची बोटांनी मोजत होते. चार बोटं. पुन्हा मोजत होते.

लेकीचा फोन रोज येई. "सगळं ठीक आहे," मिस्त्री सांगत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते फार मोठ्याने बोलत.

नवव्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पट्टा बांधून, पाठीशी उशी घेऊन ती आपल्या खुर्चीत बसली होती. ऊन कोवळं होतं, तिचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा तिच्या खिडकीत शेतं होती, एक विहीर होती, विजेचे खांब होते. तिने मान वळवली. समुद्र मिस्त्रींच्या बाजूला होता.

"अहो, समुद्र तुमच्याकडे कसा?"

मिस्त्रींनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"गाडी थांबवा."

"पुढे थांबवतो. इथे जागा नाही."

"थांबवा म्हणते ना!"

मिस्त्रींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद झालं तसा लाटांचा आवाज आत आला.

"घरी चाललोय," ते समोर बघत म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"तू कुणाला विचारून बारा दिवस त्या पेटीवर चढत होतीस?" ते एकदम तिच्याकडे वळले. "मला एक शब्द सांगता आला नाही तुला? एक शब्द? ओटा उंच झालाय, एवढे चार शब्दसुद्धा नाहीत ते!"

"चार वर्षं खपला होतात हो तुम्ही. तुमचं तोंड बघून—"

"माझं तोंड बघून मणका मोडून घेतलास! मी कोण तुझा? गिऱ्हाईक?"

हा शब्द तिला लागला, कारण तो खरा होता. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या टोकांना सुयांनी पडलेले घट्टे होते.

"हो," ती म्हणाली. "गिऱ्हाइकासारखीच वागले तुमच्याशी. चुकलं माझं. पण तुम्ही? चार वर्षांत एकदा तरी म्हणालात, इकडे ये, उभी राहा, माप घेतो? पत्रा दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावत नाही तुम्ही. मला वहीतून मोजलंत. त्या वहीतली बाई तेवीस वर्षांची आहे. तिच्यासाठी बांधलंत हे घर. मी म्हातारी झाले, ते तुम्हाला दिसलंसुद्धा नाही."

मिस्त्री स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. एक मोटारसायकल भर्रकन गेली. तिचा आवाज विरल्यावर ते म्हणाले, "दिसलं."

"काय?"

"दिसलं होतं मला. दोरीवर कपडे घालताना टाचा उंच करायला लागलीस ना, तेव्हाच." त्यांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "म्हणूनच वही काढली. टेप लावली असती तर आकडा कळला असता."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की गुपचूप माप झाकायची कला घरात आपल्या एकटीलाच येते.

"चला, फिरवा गाडी," शेवटी ती म्हणाली.

"ऐक जरा. डॉक्टरीण काय म्हणाली ते ऐकलंस ना? तुला काही झालं तर लेकीला मी काय तोंड दाखवू?"

"घरी गेल्याने मणके वर येणार नाहीत, असंही म्हणाली ती. तेही ऐकलं मी. इथे खचायचे ते तिथेही खचतील, त्या पाइपाकडे बघत बघत. मला नाही जायचं घरी."

"बाराशे किलोमीटरचा रस्ता. आपले तीनशे झालेत. आता दिवसाला पंधरा-वीसच्या वर तुला नेता येणार नाही, तेही आठवड्यातून एकदाच. खड्डा दिसला की उतरून बघावं लागेल." मिस्त्री मनातल्या मनात हिशेब करत होते, आणि तो जुळत नव्हता. "शेवटपर्यंत नाही पोचणार आपण."

"माहीत आहे मला."

"तरी?"

"तरी."

अर्धा किलोमीटर पुढे होड्या बांधायची जागा होती. तिथे गाडी वळवता येणार होती. मिस्त्रींनी ती वळवली, पण लगेच पुढे न जाता तिथेच थांबवली आणि करवतीची चौकशी केली. तिथला म्हातारा सुतार गाडीत चढला, आतलं काम बघून त्याने लाकडावरून तळवा फिरवला. "मोडवत नाही असलं काम," तो म्हणाला.

"मापाला चुकलंय," मिस्त्री म्हणाले. लोकांसमोर हे वाक्य त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी तिला ओट्यापुढे उभं केलं. हळूच, काच हाताळावी तसं. कोपर दुमडायला लावलं, खाली चार बोटं धरली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. "सव्वादोन इंच खाली."

"तीन घ्या," ती म्हणाली.

"तीन कशाला? सव्वादोन भरतंय."

"कपड्यात नाही का, पुढे लागेल म्हणून शिवणीत ठेवतो? तसं. आत्ता थोडा खाली वाटेल. पुढच्या वर्षी बरोबर होईल."

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पाठ फिरवून खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यांनी पहिली रेघ खोडली आणि तीन इंचांवर दुसरी ओढली.

काम दोन दिवस चाललं. वरची फळी उतरवून तिच्या हाताशी आणली, पायरीखाली आणखी एक पायरी बसवली. ओटा खाली घेतल्यावर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये बोटभर फट उरली. सुतार म्हणाला, "पट्टी मारून टाका की. कोण बघतंय?" मिस्त्री त्या फटीकडे बराच वेळ बघत बसले. मग एक पट्टी मागून घेतली, घासली, आणि चार खिळे ठोकले. ती खुर्चीत बसून बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा मिस्त्रींनी नेहमीसारखं ओरडून "सगळं ठीक आहे" म्हणायला तोंड उघडलं, तोच तिने हात पुढे केला. "इकडे द्या."

"आई? आवाज का असा येतोय तुझा?"

"ऐक. मी पडले होते. तीन मणके खचलेत. माझी उंची सव्वादोन इंच कमी झाली आहे, आणि आणखी कमी होणार आहे."

मग लेकीचा शाळेतला आवाज सुरू झाला. कुठे आहात, कुठलं गाव, बाबांना फोन दे, मी संध्याकाळपर्यंत पोचते, मी आधीच सांगितलं होतं.

"ये ना," ती म्हणाली. "भेटायला ये. पलंग रुंद आहे, दोघी झोपू. पण न्यायला येऊ नकोस. आम्ही पुढे चाललोय."

"पुढे कुठे? आई, तुला कळतंय का तू काय बोलतेस?"

"तुला कळावं म्हणूनच आकडा सांगितला ना? सगळ्यांना अंदाजाने ठेवलं आजवर. बाबांनासुद्धा."

"आणि रस्त्यात काही झालं तर?"

"तर होईल, बाळा. घरी झालं असतं तेच होईल." लेकीचा हुंदका ऐकून ती म्हणाली, "रडू नकोस. वर्गात आहेस ना? मुलं बघतील."

लेक रडतच होती. पण गाडी भंगारात घालायचं तिने या वेळी काढलं नाही. "बाबांना सांग, हळू चालवा म्हणावं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारघर पुन्हा निघालं. रस्ता अरुंद होता, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी. मिस्त्री सायकलच्या वेगाने गाडी हाकत होते. खड्डा दिसला की थांबत, पुढची चाकं एकेक करून त्यात उतरवत आणि एकेक करून बाहेर काढत. दर खेपेला मान वळवून तिच्याकडे बघत, आणि ती हाताने खूण करी, चालू द्या. तास झाला तेव्हा सहा किलोमीटर झाले होते. मागे एक मालट्रक येऊन चिकटला आणि हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला.

"घाई दिसते त्याला," ती म्हणाली.

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जाऊ दिलं.